सनदेनंतरची पाच वर्षं

दिल्लीतल्या सरकारी शाळांमध्ये कायद्याची तोंडओळख करून देणारे तास होतात आणि ते घ्यायला वकिलांना बोलावतात. मी अशा तासांना गेली नऊ-दहा वर्षं जाते आहे. माझ्या वाट्याला येणाऱ्या शाळा बहुतेक यमुनेच्या पलीकडच्या असतात: त्रिलोकपुरी, कल्याणपुरी, नंदनगरी, सीमापुरी. विषय ठरलेले. बालविवाह, पोक्सो, मोफत कायदेशीर मदत, मोबाइलवरून होणारी फसवणूक. चाळीस मिनिटांत हे सगळं उरकायचं असतं. शेवटी पाच मिनिटं उरलीच तर मी अकरावी-बारावीच्या मुलींना विचारते, तुमच्यापैकी वकील कोणाकोणाला व्हायचंय?

पोलिसात जायचंय म्हणून मघाशी वीसेक हात वर आलेले असतात. शिक्षिका, नर्स, मेकअप आर्टिस्ट, यूपीएससी यांनाही हात मिळतात. वकिलीसाठी येत नाही. आलाच तर मागच्या बाकावरून, तोही कोपरापर्यंतच.

या मुलींना वकिली म्हणजे काय तेच माहीत नसतं, म्हणून असं होतं, असं आमच्या बारमधली मंडळी म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. ग्रेटर कैलाशमधल्या मुलाला वकील म्हणजे बाबांचा मित्र, दिवाळीला सुक्या मेव्याचा डबा घेऊन येणारा. त्रिलोकपुरीतल्या मुलीने वकील पाहिलेला असतो कडकडडूमा कोर्टाच्या आवारात, भावाच्या जामिनासाठी आईने कानातलं मोडून आणलेले पैसे मोजून घेताना. या दोघांपैकी वकिली कोणाला जास्त कळते? एका मुलीने मला व्याख्याच करून दिली होती. "वकील मतलब, मॅम, जो तारीख लेके आता है."

त्रिलोकपुरी ही आणीबाणीच्या काळात शहरातून उठवलेल्या माणसांची वसाहत. 1984 च्या शीख हत्याकांडात तिचं नाव सगळ्या देशाला कळलं. आज तिथे वाल्मीकी, जाटव, मुसलमान, पूर्वांचलातून आलेली कुटुंबं, सगळे गल्लीगल्लीने वाटून राहतात. माझ्यासमोर बसणाऱ्या मुलींपैकी अनेकींचे वडील सफाईच्या कामावर आहेत, ठेकेदाराकडे. अशा घरातल्या मुलींनी वकील व्हावं असं सगळेच म्हणतात. सरन्यायाधीश भाषणात म्हणतात, बार कौन्सिलवाले म्हणतात, मीही म्हणते. प्रश्न असतो तो पुढच्या वाक्याचा.

पुढचं वाक्य म्हणून आपण बहुधा बाबासाहेबांचं नाव घेतो. मराठी माणसाला गंमत वाटेल, पण दिल्लीच्या वस्त्यांत बाबासाहेब वकील होते हे मुद्दाम सांगावं लागतं. घराघरात त्यांचा फोटो असतो, महर्षी वाल्मीकींच्या शेजारी. निळा सूट, हातात संविधान. संविधान लिहिणारे म्हणून पोरं त्यांना ओळखतात, परदेशात शिकलेले म्हणून ओळखतात. ते कोर्टात उभे राहून अशिलासाठी तारीख मागत असतील हे कोणाच्या डोक्यात येत नाही.

म्हणून मला सुप्रीम कोर्टाच्या आवारातला पुतळा आवडतो. 26 नोव्हेंबर 2023 ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी त्याचं अनावरण केलं. या पुतळ्यातल्या बाबासाहेबांच्या अंगात वकिलाचा गाऊन आहे, गळ्यात बँड आहे. शनिवारी सामान्य माणसांना सुप्रीम कोर्ट आतून दाखवतात, आधी नाव नोंदवावं लागतं. गेल्या वर्षी मी एका शाळेच्या बाईंबरोबर अकरा मुलींना घेऊन गेले. आत आता न्यायव्यवस्थेचं नवं संग्रहालय आहे. कायद्याच्या प्रश्नांना उत्तरं देणारा संगणकातला वकीलही तिथे पडद्यावर उभा असतो. मुलींना तो फार आवडला. फी घेत नाही, हे एकीने लगेच हेरलं. पण पुतळ्याशी आल्यावर दुसरी एक जण थबकली आणि आमच्या बाईंना म्हणाली, "ये तो आपके वाले कपड़ों में नहीं, मॅम के वाले कपड़ों में हैं."

परतताना मेट्रोत मी त्यांना 1923 ची गोष्ट सांगितली. मला वाटतं, वकिलीकडे वळवायचं तर हीच गोष्ट सांगायला हवी, आणि नेमकी तीच आपण सांगत नाही.

1922 मध्ये लंडनच्या ग्रेज इनमधून आंबेडकर बॅरिस्टर झाले. 1923 मध्ये मुंबईला परतले तेव्हा कोलंबिया आणि लंडन इथला अभ्यास पदरात होता, सनद काढायला पैसे मात्र नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने ते दिले. त्या जुलैत वकिली सुरू झाली. मुंबई हायकोर्टात बॅरिस्टरला काम मिळायचं ते सॉलिसिटरच्या हातून, आणि अस्पृश्य बॅरिस्टरकडे कागद पाठवायला सॉलिसिटर तयार नव्हते. मग मुंबईबाहेरच्या कोर्टांतली मिळतील ती कामं. परळच्या दामोदर हॉलमधली कचेरी, जिथे गिरणीतला कामगार चपला काढून थेट आत येऊ शके. घर चालावं म्हणून 1925 पासून बाटलीबॉयच्या अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायद्याचे तास. 1926 मध्ये पुण्यात 'देशाचे दुश्मन' या पुस्तिकेवरून केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांच्यावर खटला झाला, त्यात त्यांची बाजू घेऊन उभं राहणं. वकील म्हणून नाव झालं ते तिथून.

आणि महाडचं तळं. सत्याग्रह सगळ्यांना माहीत असतो, 1927 चा. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सवर्णांनी दिवाणी दावा लावला हे फारसं सांगितलं जात नाही. तो दावा खालच्या कोर्टातून वर चढत गेला आणि मुंबई हायकोर्टाने 17 मार्च 1937 ला अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे सव्वानऊ वर्षं बाबासाहेबही तारखाच घेत होते. हे सांगितल्यावर डब्यात जरा शांतता झाली. मग ती व्याख्या करणारी मुलगी म्हणाली, "मतलब तारीख लेना भी काम है."

आपण साताऱ्याच्या शाळेतलं वर्गाबाहेरचं गोणपाट सांगतो आणि एकदम संविधान सभेत जाऊन पोचतो. मधली वर्षं गाळतो. सतरा वर्षांच्या मुलीला त्या मधल्या वर्षांचीच गरज असते, कारण तिला जायचंय ते तिथे. खुद्द बाबासाहेबांना त्याचं महत्त्व पटलेलं असणार. 1928 पासून ते मुंबईच्या गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजात शिकवत होते, पुढे तिथे प्राचार्य झाले. आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, 1956 मध्ये, त्यांच्या संस्थेने काढलेलं कॉलेज कायद्याचं होतं: सिद्धार्थ लॉ कॉलेज.

दुसरी गोष्ट आता हाताशी असते ती भूषण गवईंची. अमरावतीत नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकलेला मुलगा 14 मे 2025 ला देशाचा सरन्यायाधीश झाला. के. जी. बालकृष्णन यांच्यानंतरचे ते दुसरे दलित सरन्यायाधीश. मी विदर्भातली, तेव्हा त्या दिवशी माझ्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय चाललं असेल ते सांगायला नको. पण वर्गात ही गोष्ट सांगताना मी त्यांचे वडील रा. सू. गवई कोण होते तेही सांगते. रिपब्लिकन पक्षाचे मोठे नेते, पुढे राज्यपाल. घरात राजकारण होतं, माणसांची ये-जा होती, मोठ्या वकिलांच्या दारात जायला लागणारा आत्मविश्वास होता. यात गवईंचं श्रेय उणं होत नाही. 1985 मध्ये वकिलीला लागलेला माणूस 2003 मध्ये हायकोर्टाचा न्यायमूर्ती होतो, मध्ये अठरा वर्षं आहेत. पण वडील ठेकेदाराकडे झाडू मारतात अशा मुलीला "बघ, तेही नगरपालिकेच्या शाळेतलेच" एवढंच सांगणं बरोबर नाही. ती हुशार असते, उरलेलं तिला बाहेरून कळतं, आणि मग ती आपलं काहीच खरं मानत नाही.

6 ऑक्टोबर 2025 ला सरन्यायाधीशांच्या कोर्टात एका वकिलाने त्यांच्या दिशेने बूट फेकण्याचा प्रयत्न केला. त्याला बाहेर नेलं गेलं आणि गवईंनी पुढचं काम चालू ठेवलं. त्या आठवड्यात माझा कल्याणपुरीत तास होता. विषय होता ग्राहक हक्क. पाचव्या मिनिटाला प्रश्न आला. "मॅम, जज बनके भी?" वाक्य तिने पुरं केलं नाही. तिला काय विचारायचंय ते वर्गातल्या सगळ्यांना कळलं होतं, त्यांच्या फोनवर ते दृश्य येऊन गेलेलं होतं.

मी म्हटलं, हो, जज होऊनही. खोटं बोलायला मला कारण नव्हतं. त्यानंतर फळ्यावर मी काही आकडे लिहिले. केंद्रीय कायदा मंत्रालयाने संसदेत दिलेले आहेत. 2018 पासून जुलै 2023 पर्यंत देशभरच्या हायकोर्टांत 604 न्यायमूर्ती नेमले गेले. त्यात खुल्या वर्गातले 458. ओबीसी 72, अल्पसंख्याक 34, अनुसूचित जातींचे 18, अनुसूचित जमातींचे 9. तेरा जणांची माहिती नव्हती. हायकोर्टाच्या न्यायमूर्तिपदाला आरक्षण नाही; नावं मुख्यत्वे वकिलांतून आणि जिल्हा न्यायाधीशांतून निवडली जातात. म्हणजे आज वकिलीत वीस-पंचवीस वर्षं कोण टिकलं यावर उद्या न्यायासनावर कोण बसेल ते ठरतं. वर्गशिक्षिका जरा नाराज झाल्या. मुलांना असं निराश करू नये, असं त्या मला बाहेर आल्यावर म्हणाल्या. मुली निराश दिसत नव्हत्या. त्यांनी वहीत आकडे उतरवून घेतले होते.

आता पैशाचं. याबद्दल भाषणांत कोणी बोलत नाही, म्हणून मी जरा रेंगाळते.

बारावीनंतर पाच वर्षांचा कायद्याचा कोर्स करायचा तर राष्ट्रीय विधी विद्यापीठं, आणि त्यांची वाट क्लॅट परीक्षेतून. दिल्लीचं विधी विद्यापीठ द्वारकेत आहे, ते स्वतःची वेगळी परीक्षा घेतं. क्लॅटमध्ये दोन तासांत 120 प्रश्न, लांबलचक उताऱ्यांवरचे, आणि सगळे इंग्रजीत. हिंदी माध्यमातल्या मुलीची अडचण इथे कायद्याशी येत नाही, उतारा वाचायच्या वेगाशी येते. परीक्षेची फी हजारांत. पुढे निकाल लागला की समुपदेशनाच्या नोंदणीलाच, गेल्या काही वर्षांचा दर पाहिला तर, तीस हजार. राखीव वर्गांना वीस. तेही दिलेल्या मुदतीत. मग वर्षाला काही लाखांची फी.

मुदत हा शब्द गरिबाघरी किती जड असतो ते 2024 मध्ये एका प्रकरणात सगळ्यांना दिसलं. मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका मजुराच्या दलित मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली होती. साडेसतरा हजार रुपये भरायचे होते. गावातून पैसे गोळा होईपर्यंत मुदत संपली. त्याने इकडेतिकडे दाद मागितली आणि शेवटी सुप्रीम कोर्टात आला. 30 सप्टेंबर 2024 ला कोर्टाने अनुच्छेद 142 खालचे अधिकार वापरून त्याला प्रवेश देवविला. मुझफ्फरनगर कागदोपत्री एनसीआरमध्येच येतं, त्यामुळे ही गोष्ट माझ्या वर्गातल्या मुलींना घरची वाटते. ती त्यांना फार आवडते. मी मात्र प्रत्येक वेळी सांगते की सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलेला तो एक होता.

चांगली कामं चालली आहेत, ती मी सांगते. 2010 मध्ये प्राध्यापक शमनाद बशीर यांनी सुरू केलेली आयडिया ही संस्था वंचित घरांतल्या मुलांना हेरून क्लॅटसाठी तयार करते आणि पुढे पाठीशीही राहते. बशीर 2019 मध्ये गेले, संस्था चालू आहे. दिल्लीत वकिली करणाऱ्या आपल्या दिशा वाडेकर आणि त्यांचे सहकारी 2021 पासून दलित, आदिवासी, भटक्या समाजातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना जाणते वकील मार्गदर्शक म्हणून जोडून देण्याचं काम करतात. तुरुंगाच्या नियमावल्यांत झाडलोट अमुक जातीने करावी आणि स्वयंपाक तमुक जातीने, असं लिहिलेलं असे. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर 3 ऑक्टोबर 2024 ला सुप्रीम कोर्टाने ते नियम रद्द केले. त्या याचिकेच्या वकिलांत दिशा वाडेकर होत्या. वाल्मीकी मुलींना हा निकाल समजावून सांगावा लागत नाही.

तरी माझा स्वतःचा सल्ला साधा आणि बिनझगमगीचा असतो. पाच वर्षांचा कोर्स जमला तर उत्तम. नाहीतर आधी बी.ए. कर, मग दिल्ली विद्यापीठातलं तीन वर्षांचं एलएल.बी. फी वर्षाला काही हजारांत असते, मेट्रोने जाता येतं, मुलगी घरी राहून शिकते म्हणून वडीलही फार कुरकुरत नाहीत. आमच्या धंद्यात या वाटेकडे हल्ली जरा नाक मुरडतात. मुरडू देत. सुप्रीम कोर्टाचे कितीतरी न्यायमूर्ती याच वर्गांतून गेलेले आहेत.

सनदेचा खर्चही आता आटोक्यात आला. पूर्वी नाव नोंदवायला राज्याराज्यांच्या बार कौन्सिल पंधरा हजारांपासून चाळीस हजारांवर घेत. 30 जुलै 2024 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये लिहिलंय तेवढंच घ्या. म्हणजे 750 रुपये. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराकडून 125.

त्या शरद ऋतूत 125 रुपयांत सनद काढलेली एक मुलगी माझ्या चेंबरमध्ये आहे. 2016 मध्ये ती अकरावीत होती आणि तिचा हात कोपरापर्यंत वर आला होता. इथून पुढचं तिला विचारून लिहिते आहे. तिने एकच अट घातली, नाव नको.

नावाचं आमच्याकडे विचित्रच आहे. मी 2006 मध्ये नागपूरहून दिल्लीत आले तेव्हा माझ्या आडनावावरून इथल्या कोणाला काही कळायचं नाही. विदर्भातल्या एका गावाचं नाव आणि पुढे 'कर'. मराठी म्हटल्यावर लोक दोनच गोष्टी धरून चालायचे, एक तर शिवाजी महाराजांच्या, नाहीतर ब्राह्मण. ज्या सीनियरकडे मी पहिल्यांदा बसले त्यांच्या चेंबरमध्ये दोन महिने माझा डबा सगळ्यांत मिसळला जात होता. चौदा एप्रिलला मी सुट्टी मागितली. कोर्टाला तशीही सुट्टी होती, मी फक्त चेंबरमध्ये यायचं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मुन्शीजी माझ्यासाठी वेगळ्या कपात चहा आणू लागले. त्यावर कोणी काही बोललं नाही. काम मात्र हळूहळू फायलींच्या झेरॉक्सवर येऊन थांबलं. माझ्या ज्युनियरला ते दोन महिनेही मिळाले नसते. तिचं आडनाव दिल्लीतल्या प्रत्येकाला वाचता येतं.

बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये परिपत्रक काढलं, शहरात ज्युनियरला महिना किमान वीस हजार आणि खेड्यात पंधरा हजार द्यावेत. शिफारस आहे, सक्ती नाही. मी तिला वीस देते. हे मोठेपणासाठी लिहीत नाही. माझी कमाई पाहता मला ते जड जातं आणि दोन ज्युनियर ठेवता येत नाहीत, हेही त्यासोबतच सांगायला हवं. मुलींना वकील व्हा म्हणणं किती रुपयांना पडतं, याचा हा माझ्यापुरता दर आहे. ज्यांच्या चेंबरची भाडी माझ्या वर्षाच्या उत्पन्नाएवढी असतात ते सीनियर "शिकायचे कसले पैसे" म्हणतात, आणि वर्षातून एकदा विविधतेवर व्याख्यानही देतात. घरून पैसे आणू शकतो तोच ज्युनियर त्यांच्याकडे टिकतो. न्यायमूर्तींच्या त्या 604 च्या यादीची गाळणी इथेच लागते, पहिल्या पाच वर्षांत.

आता तिच्या कामाबद्दल. पहिल्या वर्षी ज्युनियर जे करतो ते सगळं: सकाळी कॉजलिस्ट बघणं, मी दुसऱ्या कोर्टात असले तर उभं राहून पासओव्हर मागणं, तारीख लिहून आणणं. पण गेल्या हिवाळ्यात एका साक्षीच्या वेळी जे झालं ते मला तेव्हापासून प्रत्येक वर्गात सांगावंसं वाटतं. दिल्लीच्या खालच्या कोर्टात साक्षीदार हिंदीत बोलतो, न्यायाधीश ऐकून इंग्रजीत सांगतात आणि स्टेनो तसं टाइप करतो. आमच्या अशिलाविरुद्ध शेजारणीची साक्ष चालू होती. ती म्हणाली, "इसने मुझे हटाया." पडद्यावर इंग्रजीत आलं ते 'ढकललं' अशा अर्थाचं. माझं लक्ष पुढच्या प्रश्नात होतं. मागून माझ्या गाऊनला ओढ बसली. "मॅम, हटाया बोला है. हमारे यहाँ हटाना मतलब बगल करना. धक्का नहीं." मी हरकत घेतली. न्यायाधीशांनी साक्षीदाराला पुन्हा विचारलं. बाईंनी हाताने करून दाखवलं: दारातून वाट काढताना माणूस दुसऱ्याला बाजूला करतो तसं. मूळ हिंदी शब्द जसाच्या तसा कागदावर आला. उलटतपासणी मग वेगळ्याच रस्त्याने गेली.

मराठी वाचकाला हे पटेल, कारण महाराष्ट्रातल्या जिल्हा कोर्टांत मराठी चालते आणि तिथेही वस्तीचं मराठी आणि कोर्टाचं मराठी यांत अंतर पडतंच. हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाची भाषा तर अनुच्छेद 348 नुसार इंग्रजी. ती शिकावी लागते, आणि माझी ज्युनियर रोज संध्याकाळी एक निकाल मोठ्याने वाचून शिकतेच आहे. पण त्रिलोकपुरीत 'हटाना' म्हणजे काय ते साकेतमध्ये वाढलेला माझा कुठलाही सहकारी कुठल्या विद्यापीठात शिकणार होता? समाजाला तुमची गरज आहे वगैरे मी मुलींना सांगत नाही. समाजाने त्यांना आजवर जे दिलंय ते बघता त्या हसतील. मी त्यांना हा शब्द सांगते.

तिच्या घरी मात्र हा शब्द शिजत नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने ज्युनियर कोर्ट असिस्टंटच्या 241 जागांची जाहिरात काढली होती. मूळ पगार 35,400, भत्ते धरून बहात्तर हजारांच्या आसपास. त्याच वर्षी जूनपासून सुप्रीम कोर्टाने आपल्या कर्मचारी भरतीत अनुसूचित जाती-जमातींसाठी आरक्षणाची रीतसर व्यवस्थाही लागू केली. तिने परीक्षा दिली, थोडक्यात राहिली. आता तशाच एका जागेची जाहिरात आली आहे, आणि वडील म्हणतात कोर्टात जाणं वर्षभर सोड, क्लास लाव, नीट अभ्यास कर. त्यांचं म्हणणं खोडायला माझ्याकडे काहीही नाही. पक्की नोकरी, पेन्शन, धाकट्या दोघांची शिक्षणं. वकिलीत तिला गेल्या वर्षी स्वतःची अशी तीन कामं मिळाली: एक चेक बाउन्स, एक पोटगी, आणि एका रिक्षावाल्याचा अपघाताचा दावा. तिन्ही गल्लीतली. एकाचेच पैसे पूर्ण आले.

गेल्या शनिवारी वडील स्वतः चेंबरवर आले. ड्यूटीवरून थेट आले होते, नारिंगी जाकीट घडी करून पिशवीत होतं. बसा म्हटल्यावर स्टुलाच्या कडेवर टेकले. लेक फाइल लावत होती, तिने पाणी दिलं आणि आमच्याकडे पाठ करून पुन्हा फाइलकडे वळली.

"मॅडमजी, एक ही बात पूछनी है. पाँच साल बाद पक्का है?"

"पक्का नहीं है," मी म्हटलं. "मेरा भी नहीं था."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पिशवीतून एक प्लास्टिकची थैली काढली. तिच्यात घडी पडलेले हजेरीचे कागद होते. ठेकेदार पगारातून पीएफ कापतो, पण चौदा महिने खात्यात भरलेलाच नाही, असं ते सांगू लागले. ते एकटेच नव्हेत, त्यांच्या टोळीतले सातही जण. मला सांगत होते, पण बघत होते तिच्या पाठीकडे. "ये केस ये कर सकती है?"

ती वळली. "केस नहीं, पापा. पहले पीएफ ऑफिस में शिकायत जाएगी. सबका यूएएन नंबर चाहिए. पगार की पर्ची है?"

पर्ची कधीच मिळाली नव्हती. तिने वही ओढली आणि साती जणांची नावं, कामावर लागल्याची तारीख, कोणाच्या बँकेच्या पासबुकात पगाराची नोंद येते आणि कोणाला हातात पैसे मिळतात, असं विचारून उतरवायला सुरुवात केली. वडील प्रत्येक नावानंतर थोडं थांबून आठवून सांगत होते. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नोकरीचा अर्ज होता, त्यांनीच सायबर कॅफेतून छापून आणलेला. त्याची शेवटची तारीख कधी आहे, असं मी विचारलं.

"पंद्रह," दोघं एकदम म्हणाले.